गणितातली पदवी : नाव पाहू नका, पेपर पाहा

बारावीनंतर गणित घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयं, जळगावचं मूळजी जेठा किंवा अमळनेरचं प्रताप यांसारखी स्वायत्त महाविद्यालयं आणि खान्देशाबाहेरच्या संस्था, असे सगळेच पर्याय पत्रांत विचारले गेले आहेत.

प्रश्न : बारावी शास्त्र झालं, ७८ टक्के आहेत. बी.एस्सी.ला गणित मेजर (मुख्य विषय) घ्यायचं पक्कं आहे. मायनर (जोडविषय) भौतिकशास्त्र घेऊ, संख्याशास्त्र घेऊ की संगणकशास्त्र? चौकशी केली तर ‘काहीही घे, सगळं सारखंच’ असं ऐकायला मिळालं.
— विद्यार्थिनी, पाचोरा

उत्तर : सगळं सारखं अजिबात नाही. मेजर गणितच राहणार असेल, तर पुढच्या बऱ्याच वाटा मायनरवरूनच ठरतात.

केंद्र लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसायचं असेल, तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो. नुसत्या गणिताच्या पदवीवर तिथे अर्ज चालत नाही. मग संख्याशास्त्रात एम.एस्सी. करूनच यावं लागतं. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदाला बारावीत गणितात किमान ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र, यांपैकी एक चालतं. डेटाच्या कामात, विमा कंपन्यांत, कृषी संशोधनात मुलाखतीला संभाव्यता आणि नमुना निवड याच गोष्टी विचारतात. म्हणून महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं जात असेल, तर आमचं मत सरळ त्याच बाजूने आहे.

भौतिकशास्त्र दोन प्रकारच्या मुलांनी घ्यावं. ज्यांना पुढे भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्राकडे वळायची ओढ आहे त्यांनी, आणि ज्यांना शाळेत शिकवायचं आहे त्यांनी. माध्यमिक शाळांत बऱ्याचदा गणित आणि विज्ञान मिळून एकच शिक्षक शिकवतो आणि बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात. तिथे गणिताच्या जोडीला विज्ञान असणं फार उपयोगी पडतं.

संगणकशास्त्राबद्दल एक घोटाळा दरवर्षी होतो. गणित मेजर आणि संगणक मायनर ही एक गोष्ट, ‘बी.एस्सी. संगणकशास्त्र’ ही स्वतंत्र पदवी ही दुसरी. दुसऱ्या पदवीत गणित पहिल्या दोन वर्षांपुरतं आणि बेताचंच असतं. ती करून नंतर एम.एस्सी. गणिताला अर्ज केला, तर बहुतेक ठिकाणी पात्रतेतच अडकायला होतं. फॉर्म भरताना पदवीचं पूर्ण नाव वाचा.

आता मेजर-मायनर ठरतं कधी? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. एका पद्धतीत मेजर पहिल्या दिवशीच पक्कं होतं. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मेजर, एक मायनर ठेवून तिसरा सोडायचा. तुमच्या प्रवेशवर्षाला यांपैकी कोणती पद्धत लागू आहे, हे कार्यालयात न विचारता विभागप्रमुखांना विचारा. तीन विषयांची पद्धत असेल तर गणित, संख्याशास्त्र आणि संगणक किंवा भौतिक असे तीन घ्या. वर्षभर तिन्ही अनुभवून मग सोडायचा तो सोडा. गणिताच्या जोडीला रसायन आणि वनस्पतिशास्त्र घेतलंत, तर दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र मायनर मागता येत नाही, कारण ते तुमच्या तिघांत नव्हतंच.

प्रवेशाआधी आणखी तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला गणित मेजरची किती मुलं होती? संख्या फार कमी असली की वर्ग चालवणं अवघड होतं आणि मुलांना विषय बदलायला सांगितलं जातं. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक अनेकदा उत्तम शिकवतात, पण त्यांची नेमणूक उशिरा झाली तर पहिल्या सत्राचे तास बुडतात. तिसरी गोष्ट, ऐच्छिक पेपरांपैकी प्रत्यक्षात कोणते शिकवले जातात? छापील अभ्यासक्रमात चार पर्याय असतात आणि वर्गात एकच चालतो, असं पुष्कळदा असतं.

रेल्वेने अप-डाऊन करणार असाल तर तासांचा हिशोबही करा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं दुपारी उशिरापर्यंत चालतात. परतीची गाडी त्याआधीची असेल, तर प्रॅक्टिकलची हजेरी आणि जर्नल दोन्ही अडचणीत येतात.

प्रश्न : आमची केळीची शेती आहे. मुलाला इंजिनिअरिंगला जागा मिळते आहे, पण तो बी.एस्सी. गणितच म्हणतो. भाऊबंद विचारतात, ‘गणित लिसन काय करशी?’ आम्हालाही उत्तर देता येत नाही. मास्तरकीशिवाय यात काही आहे का?
— पालक, यावल तालुका

उत्तर : दादा, आधी कटू असेल ते सांगतो. तीन वर्षांच्या नुसत्या गणिताच्या पदवीवर आपल्या भागात थेट नोकरी क्वचित मिळते. त्या पदवीला काहीतरी जोडावं लागतं आणि काय जोडायचं हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

जोडण्यासारखं पुष्कळ आहे. बी.एड. केलं की माध्यमिक शाळा, एम.एस्सी. आणि बी.एड. असेल तर अकरावी-बारावी, एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि सेट किंवा नेट असेल तर वरिष्ठ महाविद्यालय. मास्तरकी ही तीन वेगवेगळी कामं आहेत, तिघांची पात्रता आणि पगार वेगळे आहेत. एम.सी.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर बारावीत किंवा पदवीत गणित असेल तर जाऊ शकतो, आणि गणिताची मुलं तिथे चांगली टिकतात. विमा क्षेत्रातलं अॅक्च्युअरीचं काम हे संभाव्यता आणि चक्रवाढीच्या गणितावरच उभं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ अॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, पण पुढचे पेपर नेटाने एकेक करत काही वर्षं द्यावे लागतात. बँक आणि स्पर्धा परीक्षांत गणिताच्या मुलाला अंकगणितासाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही, एवढाच फायदा. त्यासाठी म्हणून गणिताची पदवी घेऊ नये.

इंजिनिअरिंगमधलं गणित आणि बी.एस्सी.चं गणित यांतला फरक मुलाला नीट माहीत आहे का, ते पाहा. इंजिनिअरिंगला पहिल्या तीन-चार सत्रांत गणिताचे पेपर असतात आणि त्यात मुख्यतः सूत्र वापरून उत्तर काढायचं असतं. बी.एस्सी.ला दुसऱ्या वर्षापासून ते सूत्र खरं का आहे, हे सिद्ध करायचं असतं. दोन्ही कष्टाची कामं आहेत, पण जात वेगळी आहे. मुलाला एक गणित द्या : न ही कोणतीही पूर्णांक संख्या घेतली तरी न⁵ − न ला ३० ने नि:शेष भाग जातो, हे सिद्ध कर. दहा संख्या घालून ‘जमतंय’ म्हणाला आणि वही मिटली, तर त्याला उत्तराची आवड आहे. सगळ्या संख्यांसाठी कसं दाखवायचं म्हणून तो दुसऱ्या दिवशीही कागद घेऊन बसला, तर त्याला गणिताची आवड आहे. मुलगा दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर त्याला अडवू नका.

घरात तीन-चार वर्षांत पगार यायलाच हवा अशी निकड असेल, तर तेही त्याला स्पष्ट सांगा. मग गणितासोबत संख्याशास्त्र मायनर आणि पायथन प्रोग्रामिंग हा रस्ता धरावा. आणि बी.एस्सी. करून मन पालटलंच, तरी बारावीत गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

प्रश्न : पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये वर्गात पहिली होते. आता रिअल अॅनालिसिसला एटीकेटी लागली. प्रश्नसंच पाठ होता, तरी पेपर कोरा गेला. गणित सोडून संख्याशास्त्र मेजर घेऊ का?
— एस.वाय.बी.एस्सी., अमळनेर

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण चांगली मुलं गणितापासून तुटतात ती याच पेपराला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅल्क्युलसमध्ये ‘काढा’ असं विचारतात, अॅनालिसिसमध्ये ‘दाखवा’ असं विचारतात. काढायच्या गणितांचे ठरावीक प्रकार असतात आणि ते सरावाने बसतात. दाखवायच्या गणिताला व्याख्या हेच हत्यार असतं. प्रश्नसंच पाठ करणारी मुलं सिद्धता पाठ करतात आणि व्याख्या ‘येतेच’ म्हणून सोडतात. परीक्षेत क्रमिका (ओळीने येणाऱ्या संख्या) बदलली की पाठ केलेली सिद्धता लागू होत नाही आणि कागद कोरा राहतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. अ(न) = (२न + १) / (न + ३) ही क्रमिका २ कडे जाते, म्हणजे तिची लिमिट २ आहे, हे दाखवायचं आहे. अ(न) आणि २ यांतलं अंतर काढलं तर ते ५ / (न + ३) येतं. आता कुणी ०.०१ एवढा एप्सिलॉन (अंतर याहून कमी हवं, अशी ठरवून दिलेली छोटी संख्या) दिला, तर हे अंतर त्याहून कमी केव्हापासून होईल? न + ३ हे ५०० पेक्षा मोठं हवं, म्हणजे न = ४९८ पासून पुढे. ४९७ ला अंतर बरोबर ०.०१ येतं, ते चालत नाही, कारण ‘कमी’ हवंय. एप्सिलॉन ०.००१ दिला तर ४९९८ पासून. सिद्धतेत हेच काम अक्षरात करायचं असतं. आधी असे दोन-तीन एप्सिलॉन आकड्यात घेऊन पाहिले नाहीत, तर ती अक्षरं कोरडी राहतात.

दुसरी चूक शब्दांच्या क्रमाची. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एखादं स्थान सापडतं’ आणि ‘एखादं असं स्थान आहे की ते प्रत्येक एप्सिलॉनला चालतं’ ही दोन विधानं वेगळी आहेत. दुसरं खरं असेल तर क्रमिका त्या स्थानापासून पुढे लिमिटएवढीच स्थिर असायला हवी. उत्तरपत्रिकेत हा क्रम उलटा झाला की बाकीची सिद्धता बरोबर असूनही गुण जातात आणि मुलांना कळत नाही की का गेले.

तिसरी चूक उलट विधान धरण्याची. मालिका कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जात असेल, तर तिची पदं शून्याकडे जातात. यावरून ‘पदं शून्याकडे जातात म्हणजे मालिका कन्व्हर्ज’ असं लिहिलं जातं. १ + १/२ + १/३ + … या मालिकेची पदं शून्याकडेच जातात, पहिल्या हजार पदांची बेरीज जेमतेम साडेसातच्या आसपास असते, १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात, आणि तरी ती बेरीज कुठेच थांबत नाही. कॅल्क्युलेटरवर पाहून हा निष्कर्ष कधीच निघाला नसता, म्हणून तर सिद्धता लागते.

अभ्यासाची रीत अशी ठेवा. प्रत्येक व्याख्येखाली स्वतः शोधलेली तीन उदाहरणं लिहा आणि व्याख्येत न बसणारं एक. प्रत्येक प्रमेयाची एकेक अट काढून पाहा की काय मोडतं. ‘बंद आणि मर्यादित अंतरालावरचं सलग फल आपली कमाल किंमत गाठतं’ हे प्रमेय घ्या. ‘बंद’ काढलं तर ० ते १ च्या उघड्या अंतरालावर फ(क्ष) = क्ष कमाल गाठत नाही. ‘मर्यादित’ काढलं तर तेच फल शून्यापासून पुढे अमर्याद वाढतं. ‘सलग’ काढलं तर १ च्या आत फ(क्ष) = क्ष आणि फ(१) = ० असं फल घ्या, तेही १ च्या जवळ जातं पण पोचत नाही. हे तिन्ही ज्याच्या वहीत आहे, त्याला ते प्रमेय पाठ करावं लागत नाही. मग वही मिटून सिद्धता लिहा, अडलं की कोणत्या ओळीला अडलं तेवढंच पाहा.

मेजर बदलायचं का? एका पेपरावरून नको. याच वर्षी लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप थिअरीचीही तोंडओळख होते. त्यात मन लागत असेल तर थांबा. अॅनालिसिस मेहनतीने येतं. तिन्हींत जीव रमत नसेल, तर संख्याशास्त्राकडे जाणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा काही नाही. एटीकेटी मात्र पुढच्या संधीलाच काढा. तिसऱ्या वर्षाचे मेट्रिक स्पेसेस आणि कॉम्प्लेक्स अॅनालिसिस याच पेपरावर उभे असतात.

प्रश्न : भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन क्रेडिट घ्यावेच लागतात. गणिताच्या विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग आहे का?
— विद्यार्थी, चाळीसगाव

उत्तर : तुमच्याच तालुक्यात पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, असं त्यात कोरलं आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. असा वारसा दाराशी असताना हे क्रेडिट नुसत्या पाठांतरावर घालवू नका.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात ६१क्ष² + १ = य² याची पूर्णांकांतली उकल चक्रवाल पद्धतीने, म्हणजे त्याच पायऱ्या पुन्हापुन्हा करत, काढली. सगळ्यात लहान उत्तर क्ष = २२,६१,५३,९८० आणि य = १,७६,६३,१९,०४९ असं आहे. ६१ चंच हे कोडं फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञाने १६५७ मध्ये घातलं. या प्रकारच्या समीकरणाला उकल असतेच, याची पक्की सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. प्रकल्पासाठी चक्रवालाच्या पायऱ्या पायथनमध्ये लिहा, ६१ आणि ६७ दोन्ही सोडवून पाहा आणि प्रत्येक पायरीला कोणती संख्या निवडावी लागते, याचा तक्ता करा. तिसऱ्या वर्षी नंबर थिअरी घेतलीत तर हाच तक्ता पुन्हा उघडाल.

प्रश्न : तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडू की चौथं वर्ष करू? ‘ऑनर्स’ आणि ‘संशोधनासह ऑनर्स’ यांत काय फरक?
— टी.वाय.बी.एस्सी., शिरपूर

उत्तर : क्रेडिटच्या भाषेत तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची १६० ते १७६ ची. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतरही प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन थांबता येतं, पण त्यासाठी चार क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. ते न करता कॉलेज सोडलं, तर हातात काही पडत नाही.

संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. साध्या ऑनर्सला त्याऐवजी पेपर असतात. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही नेटला बसता येतं आणि पीएच.डी.ला अर्ज करता येतो.

एम.एस्सी. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची, चार वर्षांनंतर एका वर्षाची. बेरीज दोन्हीकडे पाचच. म्हणून खरा प्रश्न असा, की चौथं वर्ष तुम्ही कुठे आणि कुणाकडे काढणार? महाविद्यालयात मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक असतील, चौथ्या वर्षाचे पेपर खरोखर शिकवले जात असतील, तर राहा. नसतील तर तीन वर्षांची पदवी घ्या आणि विद्यापीठाच्या आवारातल्या गणित प्रशाळेत किंवा ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आय.आय.टी.त दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जा. बी.एड. करायचं पक्कं असेल तरी तीन वर्षांनी बाहेर पडा, बी.एड.च्या सी.ई.टी.ला तीन वर्षांची पदवी पुरते.

जॅमचा गणिताचा पेपर तीन तासांचा, ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा असतो. त्यात अॅनालिसिस, अनेक चलांचं कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप थिअरी येतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना उणे गुण आहेत. एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या आणि उत्तर आकड्यात भरायच्या प्रश्नांना नाहीत. तरी आपली मुलं सवयीने त्यांनाच भिऊन जागा कोरी सोडतात. तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सुरू करा. शिवाय माधव गणित स्पर्धा आणि एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या कार्यक्रमाचं उन्हाळी प्रशिक्षण यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. एम.टी.टी.एस.मध्ये चार आठवडे शिक्षक फक्त प्रश्न विचारतात आणि सिद्धता मुलांकडून काढून घेतात. छोट्या गावच्या विद्यार्थ्याला याहून उपयोगी उन्हाळा आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : आश्रमशाळेत मराठीतून शिकलो. गणितात चांगले गुण आहेत, पण बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजीत आहेत. आणि राहण्याचा खर्च कसा भागेल?
— विद्यार्थी, धडगाव

उत्तर : गणिताचं इंग्रजी थोडं असतं आणि तेच तेच असतं. ‘लेट’, ‘सपोज’, ‘देअर एक्झिस्ट्स’, ‘फॉर एव्हरी’, ‘अॅट लीस्ट’, ‘अॅट मोस्ट’, ‘युनिक’, ‘इफ अँड ओन्ली इफ’ हे शब्दप्रयोग पहिल्या दोन महिन्यांत पक्के करा. यात जास्त चुका होतात त्या ‘अॅट मोस्ट’च्या. ‘अॅट मोस्ट वन’ म्हणजे एक किंवा शून्य. ‘एक आहे’ असा अर्थ धरला तर सिद्धता चुकते. वहीच्या डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य उतरवा, उजव्या पानावर तेच मराठीत लिहा. शंका मराठीत, अहिराणीत, भिली-पावरीत, जशी सुचेल तशी विचारा. उत्तरपत्रिकेत मात्र छोटी इंग्रजी वाक्यं, एका ओळीत एकच विधान.

खर्चासाठी आधी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून भोजन आणि निवासासाठी रक्कम थेट खात्यात येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर वेगळी भरायची. अर्ज अडकतात ते साध्या कारणांनी : बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा असतो, किंवा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहतो. अर्ज भरल्यावर दर पंधरवड्याला पोर्टलवर स्थिती पाहा आणि अडकला असेल तर लिपिकाकडे जाऊन बसा. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव आताच टाका. ते हाती यायला वेळ लागतो आणि पुढे बी.एड.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागतंच.

प्रश्न : अकरावीत आहे. आय.एस.आय., सी.एम.आय., आयसर ही नावं ऐकली. जे.ई.ई.च्या क्लासवर भागेल का?
— विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : अर्धंच भागेल. भारतीय सांख्यिकी संस्था कोलकात्याला बी.स्टॅट. आणि बंगळुरूला बी.मॅथ. शिकवते, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट गणित आणि संगणक किंवा गणित आणि भौतिक अशा पदव्या देते. दोघांच्या प्रवेश परीक्षा मे महिन्यात, फक्त गणिताच्या. आय.एस.आय.ला दोन-दोन तासांचे दोन पेपर असतात : एकात ३० पर्यायी प्रश्न, दुसऱ्यात ८ प्रश्न पूर्ण लिहून सोडवायचे. जे.ई.ई.ची मुलं अडतात ती या दुसऱ्या पेपरात, कारण सिद्धता लिहायची सवय नसते. आजपासून आठवड्याला दोन गणितं पूर्ण वाक्यांत लिहून काढायची आणि ती वर्गशिक्षकांकडून तपासून घ्यायची. संख्याशास्त्रापेक्षा संख्यांची विभाज्यता, असमानता, क्रमचय-संचय, बहुपदी यांवर भर दे.

आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. त्यांच्या प्रवेश परीक्षेत तीन तासांत ६० प्रश्न असतात. जीव, रसायन, गणित, भौतिक यांचे प्रत्येकी १५ आणि सगळे धरले जातात. जीवशास्त्र सोडलं असेल तर तिथे नुकसान होतं. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईची सी.ई.बी.एस. या विज्ञान संस्थांच्या नेस्ट या प्रवेश परीक्षेत चारपैकी चांगले तीन विभाग धरतात, ती वाट मोकळी राहते.

प्रश्न : बारावी वाणिज्य, गणित होतं. बी.एस्सी. गणिताला प्रवेश मिळेल का?
— विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बी.एस्सी.ला बारावी शास्त्र लागतं, त्यामुळे तिथे नाही. आय.एस.आय.च्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ.ला मात्र बारावीत गणित आणि इंग्रजी असलं की शाखा विचारत नाहीत. आय.आय.टी. मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला दहावीत गणित आणि बारावी उत्तीर्ण पुरतं. आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. बी.कॉम.सोबत अॅक्च्युअरीचे पेपर हा तिसरा मार्ग. वाणिज्य शाखेच्या गणितात त्रिकोणमिती आणि सदिश नसतात, ते आधी भरून काढा. शास्त्र शाखेची अकरावी-बारावीची गणिताची चारही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. सुरुवात अकरावीच्या पहिल्या भागातल्या त्रिकोणमितीपासून करा.